मिनी ट्रॅक्टरला उचलायचं अवजार लावताय? मग आधी पुढच्या चाकांवर किती वजन उरतं ते बघा

बारामतीहून फलटणच्या रस्त्याला लागलं की सांगवी लागतं. नीरा नदीच्या पट्ट्यातलं गाव. इथं ऊस आहे, दावणीला गाया-म्हशी आहेत आणि माळेगावचा साखर कारखानाही जवळच. खाली इंदापूरकडं सरकलं की द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागा सुरू होतात. या सगळ्या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत एक गोष्ट वाढली, ती म्हणजे मिनी ट्रॅक्टर. १५ ते ३० एचपीचा, दोन ओळींतून सहज जाणारा, दारात कुठंही मावणारा.

ट्रॅक्टर आला की पुढचा प्रश्न येतो तो उचलण्याचा. खताची पोती, शेणखत, क्रेट, पाण्याची टाकी, मुरूम, चारा. हे सगळं डोक्यावर आणि पाठीवर वाहायला माणूस मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. मग मोबाईलवर एक व्हिडिओ दिसतो. छोट्या ट्रॅक्टरला मागं लोखंडी बूम लावलाय आणि भलंमोठं वजन अलगद वर चाललंय. खाली कमेंट असते, "दादा, कुठं बनवून मिळंल?"

बनवून तर कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडं मिळतं. पण त्या व्हिडिओत पुढची चाकं दिसत नाहीत. आणि सगळा खेळ पुढच्या चाकांचा आहे.

उचलायचं अवजार निवडायचं कसं, वापरायचं कसं आणि विकणारा जो आकडा सांगतो त्याचा खरा अर्थ काय, हे या लेखात सोप्या हिशोबासकट समजून घेऊ.

ट्रॅक्टरची 'उचल' म्हणजे नेमकं काय?

ऊसपट्ट्यात 'उचल' म्हटलं की आधी तोडणी मजुरांना दिलेला ॲडव्हान्स आठवतो. ट्रॅक्टरची उचल वेगळी. ट्रॅक्टरच्या मागं दोन खालचे आर्म आणि वर एक टॉप लिंक असते. या तिघांना मिळून थ्री पॉइंट लिंकेज म्हणतात. हायड्रॉलिक खालचे दोन आर्म वर ढकलतं. ते जास्तीत जास्त किती किलो उचलू शकतात, तो आकडा म्हणजे कंपनीनं दिलेली लिफ्टिंग कॅपॅसिटी.

उदाहरणार्थ महिंद्राचा जिवो २४५ आणि कुबोटाचा निओस्टार बी २४४१ हे दोन्ही २४ एचपीचे ट्रॅक्टर. दोन्हींची उचल ७५० किलो सांगितली जाते. आकडा खरा आहे. पण तो मोजलेला असतो खालच्या आर्मच्या टोकाला, म्हणजे जिथं पिन बसते तिथं. तुमचं वजन मात्र त्या पिनेवर कधीच नसतं. ते पिनेच्या मागं असतं. कधी दोन फूट, कधी चार फूट.

म्हणूनच ट्रॅक्टरची अधिकृत चाचणी होते तेव्हा उचल दोन ठिकाणी मोजतात. एकदा आर्मच्या टोकाला आणि एकदा त्याच्या ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट मागं. दुसरा आकडा बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा कमी येतो. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या सरकारी संस्थेत ट्रॅक्टरच्या अशा चाचण्या होतात आणि त्याच्या अहवालात हे आकडे असतात. डीलरकडं चाचणी अहवाल मागा आणि दुसरा आकडा बघा. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात छापलेला असतो तो पहिला.

ही तीन पॉइंटांची भानगड आली कुठून?

ही गोष्ट थोडक्यात सांगणं गरजेचं आहे, कारण धोका नेमका कुठं आहे ते यातून कळतं.

पहिल्या महायुद्धाच्या काळात फोर्डसन नावाचा स्वस्त ट्रॅक्टर आला. नांगर त्याला मागून जोडून ओढला जायचा. नांगर दगडात अडकला की चाकं फिरायची थांबायची, पण इंजिनाचा जोर कुठंतरी जायलाच हवा. मग ट्रॅक्टरचं तोंड वर उठायचं आणि अख्खा ट्रॅक्टर मागं चालकावर उलटायचा.

आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं यावर उपाय शोधला. नांगर नुसता मागून ओढण्याऐवजी तीन ठिकाणी ट्रॅक्टरला असा जोडायचा की नांगर अडकला तरी टॉप लिंक ट्रॅक्टरचं तोंड खाली दाबून धरेल. १९३६ मध्ये ही रचना असलेला फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टर बाजारात आला, १९३९ मध्ये फोर्डसोबतचा ९एन आला आणि हळूहळू जगभरच्या ट्रॅक्टरनी हीच पद्धत उचलली. आपल्याकडच्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या नावातला फर्ग्युसन तो हाच.

सांगायचा मुद्दा असा की ही रचना जमिनीत चालणाऱ्या अवजारासाठी बनली. नांगर जमिनीत असतो तेव्हा ट्रॅक्टर जमिनीला धरून राहतो. पण याच आर्मना तुम्ही हवेत लटकणारं वजन लावता, तेव्हा ते वजन ट्रॅक्टरचं तोंड वर उचलायला बघतं. ज्या जोडणीनं ट्रॅक्टरचं उलटणं थांबवलं, तिचाच असा वापर ट्रॅक्टर उलटवू शकतो.

खरा हिशोब: ३०० किलो आणि तीन जागा

लहानपणीचा सी-सॉ आठवा. ट्रॅक्टर हा तसाच सी-सॉ आहे. मागचा एक्सल म्हणजे मधला टेकू. एका बाजूला ट्रॅक्टरचं पुढचं वजन, दुसऱ्या बाजूला तुम्ही उचललेलं ओझं.

समजा तुमच्या ट्रॅक्टरचं वजन ८५० किलो आहे. त्यातलं ३४० किलो पुढच्या चाकांवर येतं. पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, आहे दीड मीटर. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण छोट्या ट्रॅक्टरच्या जवळपास जाणारे आहेत. आता अवजाराचं वजन धरून एकूण ३०० किलो उचलायचं आहे.

सूत्र साधं आहे. ओझ्याचं वजन गुणिले मागच्या एक्सलपासून ओझ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर, भागिले व्हीलबेस. जे उत्तर येईल तेवढे किलो पुढच्या चाकांवरून कमी होतात.

- ओझं अगदी जवळ, एक्सलपासून ९० सेंटिमीटरवर: पुढून १८० किलो गेले. उरले १६०.
- ओझं दीड मीटरवर: पुढून ३०० किलो गेले. उरले ४०.
- लांब बूमच्या टोकाला, दोन मीटरवर: पुढून ४०० किलो जायला हवेत, पण होते फक्त ३४०. म्हणजे पुढची चाकं हवेत.

ओझं तेच, ट्रॅक्टर तोच. फक्त जागा बदलली.

यासाठी जगभर एक ढोबळ नियम पाळला जातो. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या किमान २० टक्के वजन पुढच्या चाकांवर कायम राहिलं पाहिजे, नाहीतर स्टेअरिंग ऐकत नाही. ८५० किलोच्या ट्रॅक्टरला हे होतात १७० किलो. म्हणजे वरच्या तिन्ही प्रकारांत आपण नापास. पहिला प्रकार १० किलोनं, बाकीचे दोन दणकून.

उलटा हिशोब केला तर आणखी डोळे उघडतात. ओझं दीड मीटरवर असेल आणि पुढं जादा वजन लावलेलं नसेल, तर हा ट्रॅक्टर अवजारासकट फक्त १७० किलो सुरक्षित नेऊ शकतो. माहितीपत्रकावर मात्र ७५० असतं. हायड्रॉलिक ७५० उचलेलही, पण ट्रॅक्टर जमिनीवर राहील याची हमी त्या आकड्यात नाही.

मग पुढं वजन लावलं तर?

लावायलाच हवं. समजा पुढच्या एक्सलच्या ४० सेंटिमीटर पुढं ८० किलोची लोखंडी वजनं बसवली. ती एक्सलच्याही पुढं असल्यामुळं पुढच्या चाकांवर साधारण १०० किलोचा परिणाम करतात. आता पहिल्या प्रकारात पुढं २६० किलो उरतात, म्हणजे निर्धास्त. दुसऱ्या प्रकारात १४०, म्हणजे अजूनही कमी. तिसऱ्यात ४०. याचा अर्थ लांब बूमवर ३०० किलो हे या ट्रॅक्टरचं कामच नाही.

इथं दोन चुकीच्या समजुती सगळीकडं दिसतात.

पहिली: "मागच्या टायरमध्ये पाणी भरलंय, काय होत नाही." पाण्यानं मागची चाकं घसरायची कमी होतात हे खरं. पण मागून ओझं उचलताना मागचा एक्सल हाच टेकू असतो. टेकूवर कितीही वजन टाका, सी-सॉची पुढची बाजू जड होत नाही. मागच्या टायरमधलं पाणी कामाला येतं ते पुढं लोडर लावल्यावर.

दुसरी: "पुढं दोन पोरं बसव, तोंड उचलणार नाही." हा सगळ्यांत वाईट उपाय. चाक खड्ड्यात गेलं की बंपरवरचा माणूस थेट चाकाखाली येतो. वजन लोखंडाचंच लावा आणि ते कंपनीनं दिलेल्या ब्रॅकेटवर बोल्टनं आवळा.

हिशोब नको असेल तर वजनकाट्यावर जा

कारखान्याच्या पट्ट्यात राहण्याचा हा एक फायदा. वाहनं तोलणारा काटा शोधायला लांब जावं लागत नाही. ट्रॅक्टरची फक्त पुढची दोन चाकं काट्यावर घ्या, मागची चाकं काट्याबाहेर सपाट जमिनीवर ठेवा आणि वजन लिहून घ्या. मग अवजारात नेहमीचं ओझं भरा, जमिनीपासून वीतभरच वर उचला आणि पुन्हा तोला. दुसरा आकडा ट्रॅक्टरच्या एकूण वजनाच्या २० टक्क्यांच्या खाली गेला, तर ओझं कमी करा किंवा पुढची वजनं वाढवा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि एकदाच करायचं आहे.

तुम्ही नेमकं काय उचलता? आधी यादी करा

दुकानात जाण्याआधी घरी बसून ही यादी करा. बऱ्याच वस्तूंचं वजन आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त निघतं.

- युरियाची गोणी ४५ किलो, डीएपीची ५० किलो. दहा गोण्या म्हणजे जवळपास अर्धा टन.
- ४० लिटरचा भरलेला दुधाचा कॅन: नुसतं दूधच ४१ किलोच्या आसपास, वर कॅनचं वजन.
- २०० लिटरचा डिझेलनं भरलेला बॅरल: साधारण १८५ किलो.
- ५०० लिटरची पाण्याची टाकी: पाणीच ५०० किलो. अर्धी भरली तर पाणी आत हिंदकळतं, ते आणखी वाईट.
- मुरलेलं शेणखत आणि ओला मुरूम: एकाच बकेटमध्ये दोन्ही भरलं तर मुरूम शेणखताच्या दुप्पट-अडीचपट जड भरतो.

शेवटचा मुद्दा नीट लक्षात ठेवा. बकेट विकणारा तिची साईझ सांगतो. पण शेणखतासाठी योग्य असलेली बकेट तोंडोतोंड मुरमानं भरली, की तोच ट्रॅक्टर डुलायला लागतो.

अवजारांचे प्रकार आणि कोणतं कुणासाठी

१. मागचा कॅरियर किंवा लोखंडी पेटी
तीन पॉइंटला लावायची साधी फळी किंवा पेटी. पोती, क्रेट, दुधाचे कॅन, ठिबकच्या नळ्या, फवारणीचं साहित्य यासाठी. ओझं ट्रॅक्टरच्या सगळ्यांत जवळ राहतं, म्हणून हाच सगळ्यांत सुरक्षित प्रकार. किंमतही कमी. द्राक्ष-डाळिंबवाल्यांचं बरंचसं काम यातच भागतं.

२. मागचे काटे, म्हणजे फोर्क
दोन लांब पाती. पॅलेटवर रचलेले क्रेट किंवा पोती एकदम उचलायला बरे. पण पाती जितकी लांब, तितकं ओझं मागं जातं. तीन फुटांची पाती पुरत असतील तर चार फुटांची घेऊ नका. ओझं कायम पात्यांच्या मुळाशी, ट्रॅक्टरला चिकटून ठेवा.

३. बूम किंवा जिब
टोकाला हुक असलेला लोखंडी हात. इंजिन, पंप, सिमेंटचा पाईप असं एखादं सुटं वजन उचलायला. दिसायला भारी, व्हिडिओत सगळ्यांत जास्त चालणारा आणि धोक्यालाही सगळ्यांत पुढं, कारण ओझं लांब असतं आणि झुलतं. हुकसाठी दोन-तीन जागा असलेला बूम घ्या आणि जमेल तेवढी आतली जागा वापरा.

४. मागची बकेट
शेणखत किंवा माती थोड्या अंतरावर न्यायला ठीक. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही. बहुतेक ट्रॅक्टरची मागची लिफ्ट फक्त वर ढकलते, खाली येते ती वजनानं. म्हणजे बकेट जमिनीत जोरानं दाबता येत नाही. कडक जमीन उकरायला ती उपयोगाची नाही.

५. फ्रंट लोडर
पुढं दोन आर्म आणि बकेट. याचे सिलिंडर वरही ढकलतात आणि खालीही दाबतात. उंच उचलता येतं, काम डोळ्यासमोर होतं. मागचे सगळे प्रकार मिळून जे करतात, त्याहून जास्त काम हा एकटा करतो. महाग आहे, ट्रॅक्टरवर ताणही जास्त आणतो. त्याबद्दल खाली वेगळं बोलू.

निवडताना विसरला जाणारा प्रश्न: किती उंच?

मागच्या तीन पॉइंटची वर-खाली हालचाल साधारण दोन फुटांची असते. म्हणजे जमिनीवरचं पोतं फार तर कमरेपर्यंत येईल. ट्रॉलीच्या किंवा पिकअपच्या फळीपर्यंत ते पोचेल का? घरची ट्रॉली टेपनं मोजा. लिफ्ट पूर्ण वर घेतल्यावर आर्मची टोकं जमिनीपासून किती उंच जातात तेही मोजा. हे दोन आकडे जुळत नसतील तर मागचं अवजार ओझं नेईल, पण भरून देणार नाही. अनेकांना हे अवजार घरी आणल्यावर कळतं.

पिन बसते, पण बरोबर बसते का?

थ्री पॉइंटचे ठरलेले साईझ असतात. छोट्या ट्रॅक्टरना कॅटेगरी १: खालच्या पिना २२ मिलिमीटर आणि वरची १९. मोठ्यांना कॅटेगरी २: खालच्या २८ आणि वरची २५. काही फारच छोट्या ट्रॅक्टरमध्ये दोन आर्ममधली रुंदी आणखी कमी असते. मोठ्या ट्रॅक्टरचं जुनं अवजार स्वस्तात मिळालं म्हणून छोट्याला लावलं, की पिना ढिल्या बसतात आणि प्रत्येक हिसक्याला भोक मोठं होत जातं. साईझ जुळवायचा तर बुश वापरा. पिनेच्या जागी सळई किंवा खिळा कधीही नको, आणि लिंच पिनेच्या जागी तारही नको.

फ्रंट लोडर घ्यायचाच असेल तर

इथं सी-सॉ उलटा होतो. टेकू आता पुढचा एक्सल आणि हलकी होते ती मागची बाजू. त्यातून तीन प्रश्न उभे राहतात.

ब्रेक. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतात. भरलेल्या बकेटमुळं मागची चाकं हलकी झाली की ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर घसरत जातो. म्हणून लोडर असताना मागं वजन हवंच. टायरमधलं पाणी, व्हील वेट किंवा तीन पॉइंटला लावलेला वजनाचा ठोकळा.

पुढचा एक्सल. साध्या टू व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टरची पुढची चाकं छोटी आणि एक्सल नाजूक असतो. तो वळण्यासाठी बनलाय, ओझं वाहण्यासाठी नाही. लोडर रोज चालवायचा असेल तर फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरच बघा. आणि त्या मॉडेलला लोडर चालतो का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

फ्रेम. चांगल्या लोडरची फ्रेम पुढून निघून ट्रॅक्टरच्या पोटाखालून थेट मागच्या एक्सलच्या घरापर्यंत जाते, म्हणजे ताण सगळीकडं वाटला जातो. गावठी लोडर बऱ्याचदा इंजिनाच्या आसपास बोल्ट मारून बसवतात. ट्रॅक्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सचं कवच हेच चेसिसचं काम करतं. तिथं भोकं पाडली किंवा वेल्डिंग केलं तर तडा जातो आणि वॉरंटीलाही मुकावं लागतं.

याशिवाय लोडर चालवायला वेगळा हायड्रॉलिक व्हॉल्व्ह आणि पुरेसा तेलाचा प्रवाह लागतो. तुमच्या ट्रॅक्टरचा पंप मिनिटाला किती लिटर तेल देतो आणि लोडरला किती लागतं, हे दोन्ही आकडे विचारा.

घ्यायचं की भाड्यानं आणायचं?

साधा नियम. गेल्या वर्षभरात जेसीबीला, हमालीला आणि भरणीला किती पैसे गेले ते वहीत काढा. जेसीबी वर्षातून चार-पाच दिवसच लागत असेल, म्हणजे शेणखत भरायला आणि बांध नीट करायला, तर लोडरच्या हप्त्यापेक्षा तासाचं भाडं परवडतं. पण गोठा मोठा आहे, रोज शेण उचलायचं आहे, मुरघास काढायचा आहे, तर स्वतःचं अवजार पैसे वसूल करतं. रोज पोती आणि क्रेट इकडून तिकडं न्यायचेत, एवढंच असेल तर साधा कॅरियर पुरे. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एक अवजार घेणं हाही मार्ग आहे, फक्त सगळ्यांच्या ट्रॅक्टरची कॅटेगरी एक हवी.

अनुदानाचं काय? राज्यात कृषी यांत्रिकीकरणाचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतात आणि शेतकरी ओळख क्रमांक लागतो. केंद्राच्या यांत्रिकीकरण उपअभियानात अल्प-अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना सर्वसाधारणपणे ५० टक्क्यांपर्यंत, इतरांना ४० टक्क्यांपर्यंत मदत असते. प्रत्येक अवजाराला कमाल रकमेची मर्यादाही असते. तुमचं अवजार यादीत आहे का ते तालुका कृषी कार्यालयात आधी विचारा. आणि पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी करू नका, नाहीतर बिल असूनही अनुदान मिळत नाही.

बारामतीकरांना आणखी एक सोय आहे. माळेगावजवळ शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे. शंका असेल तर पैसे मोजण्याआधी तिथल्या लोकांशी बोलून घ्या.

आरटीओ आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. पिन काढली की सुटणारं अवजार वेगळं आणि कायमची जोडलेली फ्रेम वेगळी. लोडर कायमचा बसवणार असाल तर आरटीओत आणि विमा कंपनीकडं आधी विचारा. शेतीच्या नावानं विमा काढलेल्या ट्रॅक्टरवर दुसऱ्याची भाड्याची कामं करत असाल, तर अपघातानंतर दावा अडकू शकतो. पॉलिसीतली अट वाचून घ्या.

रोज वापरताना

ओझं खाली ठेवा. नेताना जमिनीपासून वीत-दीड वीत पुरे. उंच धरलेलं ओझं ट्रॅक्टरला आडवा करतं, त्यात मिनी ट्रॅक्टरची चाकं जवळजवळ असतात. उसाच्या सरीत, पाटाच्या कडेला, चारी ओलांडताना एक चाक खाली गेलं की पुरतं.

ओझं नेहमी चढाच्या बाजूला. ओझं मागं असेल तर चढ रिव्हर्समध्ये चढा आणि उतार सरळ उतरा. ओझं पुढं लोडरमध्ये असेल तर चढ सरळ चढा आणि रिव्हर्समध्ये उतरा. नियम एकच आहे. उताराला आडवं तर कधीच जाऊ नका.

वेग माणसाच्या चालीएवढा. खड्ड्यातून जाताना ३०० किलोचं ओझं क्षणभर त्याहून कितीतरी जड होऊन आदळतं. वरचा सगळा हिशोब उभ्या ट्रॅक्टरचा होता.

दोन्ही ब्रेक पेडल जोडा. डावं-उजवं वेगळं ठेवून रस्त्यावर येऊ नका. एका चाकाला ब्रेक लागला की ओझ्यासकट ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

ड्राफ्ट नाही, पोझिशन. लिफ्टला दोन लिव्हर असतील तर उचलायचं काम पोझिशन कंट्रोलवर करा. ड्राफ्ट कंट्रोल नांगरटीसाठी आहे. आणि खालच्या आर्मच्या साखळ्या आवळा, म्हणजे ओझं डावी-उजवीकडं हलणार नाही.

उचललेल्या ओझ्याखाली कुणीही नको. इंजिन बंद केल्यावर लिफ्ट हळूहळू खाली बसते, सील गेलं किंवा पाईप फुटला तर एकदम खाली येते. दुरुस्ती करायची तर अवजार जमिनीवर टेकवा किंवा खाली भक्कम ठोकळे द्या.

तेल गळतंय का हे हातानं चाचपू नका. हायड्रॉलिकच्या पाईपमध्ये प्रचंड दाब असतो. सुईएवढ्या छिद्रातून निघालेलं तेल कातडी भेदून आत जातं. वरून बारीक टोचल्यासारखं दिसतं, पण हात गमवावा लागू शकतो. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा. तेल हातात घुसलंच तर दुखायची वाट न बघता थेट मोठ्या दवाखान्यात जा.

बूमनं ओढू नका. अडकलेली ट्रॉली किंवा झाडाचा बुंधा ओढायचा तर साखळी खाली ड्रॉबारलाच लावा. टॉप लिंकच्या जागी किंवा वर घेतलेल्या बूमला साखळी लावून ओढलं, तर फोर्डसनच्या काळातला अपघात पुन्हा होतो. ट्रॅक्टर मागं उलटायला एक-दीड सेकंद पुरतो. क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही.

विहिरीतली मोटर ट्रॅक्टरच्या बूमनं काढू नका. हे खूप ठिकाणी चालतं म्हणून वेगळं सांगतोय. मोटरचं वजन माहीत असलं तरी ती गाळात किती रुतली आहे हे माहीत नसतं. रुतलेली मोटर उचलताना ओझं अचानक वाढतं, त्यात काठाची माती ट्रॅक्टरच्या वजनानं ढासळू शकते. त्यासाठी घोडा आणि चेन पुलीच बरी.

एक माणूस, एक सीट. ओझ्यावर, मडगार्डवर, आर्मवर कुणीही उभं राहायचं नाही. ट्रॅक्टरला रोल बार असेल तर सीट बेल्ट लावा. रोल बार नसेल तर बेल्ट लावू नका.

विकत घेताना विचारायचे सात प्रश्न

हा भाग स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. माझ्या ट्रॅक्टरची उचल आर्मच्या टोकाला किती आणि दोन फूट मागं किती?
२. रिकाम्या अवजाराचं वजन किती?
३. ओझं भरल्यावर त्याचा मध्य मागच्या एक्सलपासून किती लांब येतो?
४. पुढं किंवा मागं किती जादा वजन लावावं लागेल, आणि ते किमतीत धरलंय का?
५. पिनांचा साईझ आणि कॅटेगरी कोणती?
६. ते किती उंच जातं, माझ्या ट्रॉलीपर्यंत पोचतं का?
७. हे लावल्यावर ट्रॅक्टरची वॉरंटी राहते, हे लेखी मिळेल का?

सातपैकी दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाला विकणाऱ्यानं "काय टेन्शन घेऊ नका" असं उत्तर दिलं, तर तिथून घेऊ नका. दुसरीकडं चौकशी करा.